‘बालेकिल्ला’ लिहिण्याआधी नमुना 20 पाहा

महोदय,

‘कोकण म्हणजे शिवसेनेचा बालेकिल्ला’ हे वाक्य निवडणुकीच्या बातम्यांत अजून सर्रास दिसते. तळकोकणापुरते तरी ते अर्धवट आहे. जुन्या राजापूर मतदारसंघातून 1957 पासून बॅ. नाथ पै आणि 1971 पासून प्रा. मधु दंडवते, अशी सलग 34 वर्षे समाजवादी खासदारकी होती. प्रजा समाजवादी, जनता पक्ष, जनता दल अशा पाट्या बदलल्या, निशाणी झोपडीवरून चक्रावर आली, तरी मतदार हलला नाही. 1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत आले आणि 1996 पासून चार वेळा सुरेश प्रभू धनुष्यबाणावर. दंडवत्यांनी ध्यास घेतलेली कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण धावू लागली, तोवर त्यांच्या पक्षाची इथली मुळे सुकली होती!

हा पालट मुंबईमार्गे आला. लालबाग-परळच्या शाखेत उठबस असलेला चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात वाडीवर येई, तेव्हा शाखाही त्याच्याबरोबर येई. पुढे वाडीवाडीतले कार्यकर्तेच पक्ष झाले. मालवणने नारायण राणे यांना 1990 पासून चार वेळा सेनेकडून निवडून दिले आणि 2005 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडूनही दिले. तेव्हा ‘माणूस मोठा, पक्ष गौण’ असा निष्कर्ष निघाला. 2014 मध्ये कुडाळने तोही खोटा ठरवला. तिथे सेनेच्या वैभव नाईक यांनी राण्यांना हरवले.

7 मे 2024 च्या लोकसभा मतदानात यंत्रावर धनुष्यबाणच नव्हता. 1996 नंतर प्रथमच. भाजपचे कमळ आणि ठाकरे गटाची मशाल यांच्यात कमळावरचे राणे 47,858 मतांनी जिंकले. पण चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत मशालीचे विनायक राऊत पुढे होते आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत राणे. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत या सहाही जागा महायुतीकडे गेल्या. मग निष्ठा नेमकी कुठली मोजायची?

मोजायचीच तर निवडणूक आयोगाचा नमुना 20 काढावा. त्यात केंद्रनिहाय मते असतात, टपाली मते वेगळी. दोन निवडणुका जुळवताना केंद्र क्रमांकावर विसंबू नये. याद्या बदलल्या की तो सरकतो. शाळेचे आणि वाडीचे नाव धरावे. 2004 आणि 2009 ची थेट तुलना तर करूच नये, कारण पुनर्रचनेत मालवण मतदारसंघच गेला आणि राजापूरचे रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाले. ग्रामपंचायतीचे आकडे त्याहून फसवे: तिथे पक्षचिन्ह नसते, त्यामुळे एकाच सरपंचावर दोन पक्ष संध्याकाळपर्यंत गुलाल उधळून मोकळे होतात. गावपातळीचा कल बघायचा तर जिल्हा परिषद गटाचा निकाल घ्यावा, तिथे चिन्ह असते.

आपल्या निकाल-पुरवणीत मतदारसंघाच्या एकूण आकड्याखाली सहा विधानसभा क्षेत्रांची आघाडी तरी छापावी. जागा लागेल ती फार तर सहा ओळींची.

– एक वाचक, कणकवली