खाणीचा रिवाज पाळल्याबद्दल

आदरणीय श्री. लांबिस एंग्लेझोस यांना,

स. न. वि. वि.

मी मूळचा चंद्रपूरचा खाण-अभियंता, सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील कलगुर्ली येथे नोकरीस आहे. हे पत्र शेजारच्या आजींच्या वतीने, आपले आभार मानण्यासाठी लिहीत आहे. त्यांचे वडील आणि आजोबा इथल्या सोन्याच्या खाणीत उतरत. थोरले काका मात्र पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या ३२व्या बटालियनमधून फ्रान्सला गेले आणि १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी तिथल्या फ्रोमेल गावाजवळ जर्मनांवर केलेल्या हल्ल्यात दिसेनासे झाले. त्या एका रात्रीत ऑस्ट्रेलियाचे ५,५३३ सैनिक मृत, जखमी किंवा बंदी झाले. घरी आधी ‘बेपत्ता’ असे कळले, पुढे ‘ठार’.

खाणीवरच्या घरांना मरण नवे नसते. पण खाली राहिलेला माणूस वर आणायचाच, हा तिथला रिवाज. १९०७ साली याच भागातील बॉनी व्हेलच्या खाणीत पाणी भरले, तेव्हा अडकलेल्या मोदेस्तो व्हारिस्केत्ती या इटालियन कामगारासाठी पाणबुडे आणले गेले आणि नऊ दिवसांनी तो जिवंत बाहेर आला. आजींचे आजोबा ही हकिगत सांगत असत. स्वतःचा मुलगा कुठे पुरला आहे, हे मात्र त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

आपण पेशाने शिक्षक. बेपत्तांची यादी आणि अनामिक थडग्यांची संख्या यांचा मेळ बसत नाही, हे आपण ताडले, फ्रोमेलमधील फेझंट वूड या झाडीजवळ जर्मनांनी मृतांना पुरण्यासाठी खोदलेल्या खड्ड्यांचा माग काढला आणि जाणकार साशंक असतानाही वर्षानुवर्षे पिच्छा सोडला नाही. २००९ मध्ये तिथून २५० देह बाहेर काढले गेले. त्यांच्यासोबत फ्रीमँटल-पर्थ रेल्वेचे एक परतीचे तिकीटही सापडले. ते कोणाचेही असो, जपून ठेवले होते म्हणजे तो परत येणारच होता, एवढेच आजी म्हणाल्या.

आजींच्या भावाने दिलेला डीएनएचा नमुना त्यातल्या कोणाशी अजून जुळलेला नाही. तरीही, निदान शोधणारे कोणीतरी होते, याबद्दल या घराचे आपल्याला मनःपूर्वक धन्यवाद.

त्या काळी थडग्यावरील ओळीसाठी कुटुंबांना ६६ अक्षरांची मर्यादा होती आणि अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जात. ज्यांचे थडगेच नव्हते, त्यांना ओळ विचारणार कोण? आजींनी ती आता वहीत लिहून ठेवली आहे. मी मोजून पाहिली, ६६ मध्ये बसते.

आपला कृतज्ञ,
कलगुर्लीतील एक खाण-अभियंता