पाणी टेलला पोचले का, ते विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विकसनशील देशांच्या सरकारांनी कर्ज काढून बंदरे, रेल्वे, धरणे बांधावीत का, यावर आपल्या पत्रस्तंभात चर्चा चालू आहे. एका वाचकांनी श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराचा दाखला देऊन सरकारने या फंदात पडूच नये, असे लिहिले. ते वाचून राहवले नाही. मी नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचा द्राक्ष बागायतदार. वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, माझी साडेतीन एकर बाग आहे. ती सरकारी पैशाच्या पाण्यावर उभी आहे. पण त्याच कालव्याचे पाणी माझ्या वडिलांना बरीच वर्षे मिळाले नव्हते, हेही तितकेच खरे.

नकाशात कालवा आमच्या शिवारापर्यंत होता. आवर्तन, म्हणजे धरणातून पाण्याची पाळी, सुटले की वडील कंदील घेऊन रात्रभर चारीवर, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या पाटावर, बसत. वरच्या अंगाला पाणी उचलले जाई, चारीत गाळ आणि गवत, आमच्यापर्यंत यायची ती नुसती ओल. 1990च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या शेतकऱ्यांना एकत्र करून तीन पाणीवापर संस्था, म्हणजे कालव्याचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्याच संस्था, उभ्या केल्या. पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, आपापसात पाळ्या लावायच्या, पाणीपट्टी संस्थेनेच वसूल करायची. ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडून विहिरी भरून घ्यायच्या, हेही तेव्हाच सुरू झाले. नव्या धरणाला जेवढा पैसा लागतो, त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या खर्चात टेल भिजले. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्राचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले आणि 2005 साली राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदाच केला.

आता हंबनटोटा. चीनच्या कर्जातून बांधलेले ते बंदर 2010 साली सुरू झाले. जहाजे कोलंबोलाच थांबत राहिली आणि 2017 मध्ये ते 99 वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले. मात्र 2022 साली श्रीलंकेचे दिवाळे या एका बंदरापायी निघाले, असे म्हणणे बरोबर नाही. त्या देशाच्या परदेशी कर्जात मोठा वाटा बाजारात रोखे विकून उचललेल्या पैशाचा होता. केनियात 2017 साली चिनी कर्जातून मोम्बासा-नैरोबी रेल्वे झाली. तिथे रेल्वेला पुरेसा माल मिळावा म्हणून सरकारला बंदरातले कंटेनर रेल्वेनेच न्यायची सक्ती करावी लागली. 2022 मध्ये ती उठवली गेली. गरज कुणाची आहे, हे आधी न विचारता बांधले की असे होते. पण म्हणून सरकारने बांधूच नये? वाघाडचे धरण बांधायला कोणता सावकार आला असता? पंचवीस-तीस वर्षांनी फळ देणाऱ्या कामात, तेही शेतकऱ्याकडून पाणीपट्टी घेण्याच्या भरवशावर, खासगी पैसा उतरत नाही.

कर्जाचीही एक गोष्ट सांगतो. 2005 साली जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या जलक्षेत्र सुधारणेसाठी 32.5 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेव्हा डॉलर 44 रुपयांच्या आसपास होता, आज पंच्याऐंशीच्या वर आहे. कर्ज फेडायचे डॉलरमध्ये, पाणीपट्टी मात्र रुपयात येते. तरी मी त्या कर्जाच्या विरोधात नाही. त्यातला पैसा जुने कालवे दुरुस्त करून संस्थांच्या हाती देण्यासाठी होता, आणि दुरुस्तीला कर्ज काढलेले मला नव्या उद्घाटनापेक्षा जास्त पटते.

कारण आपल्याकडे खरा खड्डा देखभालीत आहे. समृद्धी महामार्गाला टोल आहे, रस्ता उखडला तर पैसा कुठून आणायचा हे ठरलेले आहे. कालव्याला टोलनाका नाही. आमच्याच निफाड तालुक्यातले, शंभर वर्षांहून जुने नांदूर मध्यमेश्वर धरण बघा. गाळाने तिथे दलदल झाली, पक्षी आले, 2020 साली राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. पक्ष्यांचा मलाही आनंद आहे, हिवाळ्यात नातवंडांना घेऊन मी तिथे जातो. पण पाण्याची साठवण गाळाने खाल्ली, ती कुणाच्या हिशेबात आली?

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. कोणत्याही प्रकल्पाची बातमी छापताना कोटींच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे मागून छापावेत: वर्षाच्या दुरुस्तीला किती ठेवले आहेत, आणि कालवा असेल तर टेलचे किती हेक्टर भिजणार. दहा वर्षांनी पुन्हा वार्ताहर पाठवावा. हेडला नको, टेलला पाठवावा. आमच्या चारीवर मी त्याला स्वतः घेऊन जाईन.

आपला,
एक शेतकरी वाचक
ओझर, ता. निफाड, जि. नाशिक