अर्णवचा गणिताचा वर्ग

चि. अमृतास,
अनेक आशीर्वाद.

जुलैमध्ये डॅलस सोडून कॅलिफोर्नियाला जायचं नक्की झालं, हे वाचलं. सामान, घराचा करार, निखिलरावांची नवी नोकरी या धावपळीत अर्णवच्या सातवीच्या गणिताच्या वर्गाचं मागे पडू नये म्हणून एप्रिलमध्येच लिहिते आहे. तिकडे जूनच्या मध्यापासून शाळांची ऑफिसं बंद होतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात. तोवर वर्गांच्या याद्या लागलेल्या असतात.

तुमच्या वेळी शाळेत 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी असायची. गुणांवरून पाडलेली असली तरी पुस्तक एकच आणि परीक्षाही एकच. अमेरिकेत मिडल स्कूलमध्ये पुस्तकच वेगळं होतं. सहावी-सातवीत मूल कुठल्या वर्गात बसलं, त्यावर अल्जिब्रा वन आठवीत येणार की नववीत, हे ठरतं. आठवीत आला तर पुढे जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीला कॅल्क्युलस. नववीत आला तर त्याच चालीने बारावीला प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचतो. म्हणून शाळेशी बोलताना 'ॲडव्हान्स्ड वर्ग मिळेल का' एवढंच विचारून थांबू नकोस. प्रत्येक वर्गाबद्दल विचार, की यात कोणते धडे शिकवणार आणि कोणते मुलाला आधीच येतात असं धरून चालणार. मुलं अडकतात ती या दुसऱ्या यादीत.

अर्णव टेक्सासमध्ये वरच्या वर्गात गेला तो २०२३ च्या कायद्यामुळे. पाचवीच्या गणितात जी मुलं वरच्या ४० टक्क्यांत येतात, त्यांना सहावीत आपोआप प्रगत वर्गात घालायचं आणि आठवीत अल्जिब्रा वनपर्यंत न्यायचं, असा तो नियम आहे. पालकांनी नको म्हटलं तरच नाव निघतं. मला हा नियम आवडतो. जिथे पालकांनी अर्ज करायचा असतो, तिथे ज्यांना अर्ज असतो हे माहीत आहे त्यांचीच मुलं वर जातात. पण हा कायदा टेक्सासपुरता. कॅलिफोर्नियात सहावी-सातवीच्या वर्गवारीला राज्याचा असा नियम नाही, प्रत्येक जिल्हा, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, आपापला ठरवतो. तिथला २०१५ चा कायदा आहे तो नववीतल्या प्रवेशासाठी, शिक्षण संहितेचं कलम ५१२२४.७. जिल्ह्याने वर्ग ठरवताना एकाहून जास्त वस्तुनिष्ठ मापं वापरावीत, शाळा सुरू झाल्यापासून महिन्याभरात निदान एकदा पुन्हा तपासावं आणि पालकांना हरकत घेण्याचा स्पष्ट मार्ग द्यावा, असं त्यात आहे. सातवीला तो बंधनकारक नसला तरी बरेच जिल्हे तीच पद्धत खालच्या वर्गांना लावतात. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बोर्ड पॉलिसी ६१५२.१ शोध. गणिताच्या वर्गवारीचं धोरण बहुधा याच क्रमांकाखाली सापडतं. फोन करण्याआधी ते वाचून ठेव.

आणखी एक पाहा. बे एरियात कित्येक ठिकाणी आठवीपर्यंतचा जिल्हा वेगळा आणि हायस्कूलचा वेगळा असतो. आठवीत अल्जिब्रा झालेल्या मुलाला हायस्कूलने पुन्हा अल्जिब्रातच बसवायचं, हे तिथे फार होत होतं. २०१५ चा कायदा त्यावरच आला. घर बघताना दोन्ही जिल्ह्यांची धोरणं बघा. काही हायस्कूलं अल्जिब्रा-जॉमेट्री असे वेगळे विषय न ठेवता इंटिग्रेटेड मॅथ वन, टू, थ्री शिकवतात, तेही विचारून घ्या.

आता अभ्यासक्रमाचं. कॅलिफोर्निया कॉमन कोअरवर, म्हणजे बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या सामाईक अभ्यासक्रमाच्या आराखड्यावर चालतं, टेक्सासने ते कधी घेतलंच नाही. त्यामुळे 'सहावी झाली' याचा अर्थ दोन्हीकडे एक नाही. ऋण संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार टेक्सासमध्ये सहावीत होतो, कॉमन कोअरमध्ये सातवीत. म्हणजे तिथे अर्णव पुढे आहे. उलट घडणीवरून, म्हणजे खोकं उलगडून सपाट केलेल्या आकृतीवरून, पृष्ठफळ काढणं कॉमन कोअरमध्ये सहावीत आहे, टेक्सासमध्ये सातवीत. आकडे सरासरीपासून सरासरी किती लांब आहेत हे मोजणंही कॉमन कोअरमध्ये सहावीत, टेक्सासमध्ये आठवीत. प्रवेशाच्या चाचणीत हे दोन प्रश्न आले आणि त्याने कोरे सोडले, तर शाळेला दिसणार ते एवढंच, की मुलगा सहावीच्या भागात कच्चा आहे. दोन्ही मिळून चार-पाच दिवसांचं काम आहे. ५, ४, ३ सेंटिमीटरच्या खोक्याची घडण कागदावर काढून कापायला लाव. सहा आयत, २ × (२० + १५ + १२) = ९४ चौरस सेंटिमीटर. दुसऱ्यासाठी २, ४, ६, ८, १० घे. सरासरी ६, अंतरं ४, २, ०, २, ४, त्यांची सरासरी २.४. मुलं इथे अंतरांना ऋण चिन्ह देतात, बेरीज शून्य येते आणि गोंधळतात. अंतर कधी ऋण नसतं, एवढं एकदा पक्कं केलं की झालं.

मग मागायचा कोणता वर्ग? तिथे साधारण तीन असतील. साधी सातवी, सातवी-आठवी एकत्र केलेला ॲक्सिलरेटेड किंवा कॉम्पॅक्टेड वर्ग, आणि काही शाळांत सातवीतच अल्जिब्रा वन. माझं मत स्पष्ट आहे. मधला माग. साध्या सातवीत त्याला ऋण संख्या पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागतील, टेक्सासच्या प्रगत वर्गात सातवीचा जो भाग झाला तोही पुन्हा, आणि कंटाळलेलं मूल गृहपाठ सोडायला लागतं. तिसरा वर्ग मात्र मागू नकोस, शाळेने देऊ केला तरी.

का, ते सांगते. कॉमन कोअर २०१० मध्ये आलं तेव्हा अल्जिब्रातला बराच भाग आठवीत उतरला. रेषेचा चढ, दोन चलांची दोन समीकरणं एकत्र सोडवणं, फल (फंक्शन) म्हणजे काय, घातांकांचे नियम, शिवाय पायथागोरस, हे सगळं आता आठवीत आहे. त्यामुळे आजच्या अल्जिब्रा वनला चढ आधीच येतो असं धरतात आणि वर्गसमीकरणं आणि घातीय फलांकडे लवकर वळतात. पूर्वी आठवी ओलांडली तर उजळणी बुडायची, आता पायाच बुडतो. म्हणूनच कॉमन कोअरबरोबरच्या परिशिष्टात वर्ष गाळू नका, तीन वर्षांचा भाग दोन वर्षांत बसवा, असं सांगितलं आहे. बसवायचीही किंमत असतेच. वर्षाचे साधारण १८० दिवस धरले तर ५४० दिवसांचं काम ३६० दिवसांत करायचं. पंधरा दिवसांचा धडा दहा दिवसांत. कापले जातात ते वर्गात सराव करायचे दिवस, आणि ते घरी येतात.

घाईने काय होतं हे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्यात दिसलं. २००२-०३ च्या सुमारास त्यांनी पुष्कळ मुलांना एकदम आठवीत अल्जिब्रात बसवलं. क्लॉटफेल्टर, लॅड आणि विग्डोर या अभ्यासकांनी नंतर तपासलं, तर अशी लवकर बसवलेली मुलं अल्जिब्राच्या परीक्षेत मागे पडली होती आणि पुढे जॉमेट्री, अल्जिब्रा टू वेळेत पार करण्याची त्यांची शक्यताही कमी झाली होती. त्याच राज्यातल्या वेक काउंटीने वेगळं केलं. मुलाचे आधीचे गुण पाहून अल्जिब्रा पास होण्याची शक्यता ७० टक्के किंवा जास्त असेल तर वरच्या वाटेवर घालायचं, शिक्षकांच्या अंदाजावर सोडायचं नाही. त्यामुळे एरवी राहून गेली असती अशी मुलंही आत आली. सगळ्यांना ढकलू नये आणि कुणाला नुसत्या अंदाजाने अडवूही नये, एवढं मी या दोन्हींतून घेते.

शाळा ठरवते कशी? बहुतेक ठिकाणी गुणांचा तक्ता असतो. समज, चार मापं आहेत: राज्याची परीक्षा, मॅप किंवा आयरेडीसारखी संगणकावरची चाचणी, वर्षाची ग्रेड आणि शाळेची स्वतःची चाचणी. प्रत्येकाला ४ गुण, एकूण १६, आणि वरच्या वर्गाला १३ लागतात. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाकडे कॅलिफोर्नियाच्या परीक्षेचा निकाल नसतो. त्या खान्यात कुणी शून्य भरलं तर उरलेल्या तिन्हींत पैकीच्या पैकी मिळवूनही १२ च होतात. परगावहून आलेली मुलं अशीच खालच्या वर्गात जातात आणि पालकांना वाटतं मूल चाचणीत कमी पडलं. तेव्हा लेखी विचार: नसलेल्या मापाचं काय करता? त्याऐवजी टेक्सासच्या स्टार परीक्षेचा निकाल धरता का? स्टारचे निकाल जूनमध्ये येतील, उतरवून घे. 'मास्टर्स' पातळी असेल तर ती टेक्सासची सर्वांत वरची, हे पत्रात एका ओळीत सांग, कारण तिकडे ते शब्द ओळखीचे नाहीत.

मॅप चाचणी असेल तर अर्णवला आधीच समजावून सांग. ती त्याच्या उत्तरांप्रमाणे सोपी-अवघड होत जाते, म्हणून निम्मे प्रश्न चुकणं अगदी ठरलेलं असतं. हुशार मुलं तिथेच घाबरतात, 'मला काहीच येत नाही' म्हणून भराभर क्लिक करतात आणि गुण घसरतात. मागे जाता येत नाही. वेळेची मर्यादा नसते, कच्चा कागद वापरायचा. शिवाय पाचवीपर्यंतची आणि सहावीपासूनची चाचणी वेगळी असते, दुसरीचा आवाका मोठा, त्यामुळे वर्ग बदलताना आकडा थोडा उतरलेला दिसू शकतो. गुणांत तीनेक अंकांचा मागेपुढेपणा धरावाच लागतो. कटऑफच्या एक-दोन अंक खाली राहिला तर 'दुसऱ्या मापांसह पुन्हा पाहावं' असं सांगायला पूर्ण आधार आहे.

मेमध्ये शाळा सुटण्याआधी डॅलसच्या शाळेतून सहावीच्या प्रगत वर्गाचं धडेवार वेळापत्रक घे, कारण 'ॲडव्हान्स्ड मॅथ सिक्स' या नावावरून तिकडच्या कौन्सेलरला काहीच कळत नाही. सातवीचे कोणते भाग झाले त्याखाली शिक्षकांची सही घे. प्रगतिपत्रकं आणि मॅपचा निकालही बरोबर ठेव. सगळं एका पीडीएफमध्ये, नाव आणि जन्मतारीख पहिल्या पानावर, आणि पत्त्याचा पुरावा हातात आला की त्याच दिवशी नोंदणी. त्या मेलमध्येच विचार, की बाहेरून येणाऱ्या मुलांची चाचणी कधी असते आणि सातवीत वरच्या वाटेवर शिरता येतं का. काही जिल्ह्यांत ते दार फक्त पाचवी संपताना उघडतं.

सुट्टीत रोज पंचवीस मिनिटं पुरेत. अबॅकसमुळे त्याचा हिशेब वेगाने होतो, पण तो वेग गुणोत्तरातला कच्चेपणा झाकतो, आपल्या कितीतरी मुलांचं असं होतं. लाल आणि पिवळा रंग ३ : ५, एकूण ४० डबे, तर प्रत्येकी किती? १५ आणि २५ आलं, तर पुढचं विचार: दोन्हींत दोन-दोन डबे वाढवले तर रंग तोच राहील का? 'हो' म्हणाला तर तो अजून बेरजेने विचार करतो आहे, आणि सातवी पूर्णपणे गुणाकाराच्या विचारावर उभी आहे. मग एक किंमत आधी २० टक्के उतरव आणि नंतर २० टक्के चढव. १०० ची ९६ का झाली हे त्याला शब्दांत सांगता आलं पाहिजे. अपूर्णांकांचा भागाकार उलटं करून गुणून तो करेलच, पण ४ कप दह्यात २/३ कपाच्या किती वाट्या भरतील हे चित्र काढून दाखवायला सांग. शेवटी ३(क्ष − ४) = २क्ष + ५ सोडवून १७ आलं की ते परत समीकरणात घालून दोन्ही बाजू ३९ होतात का बघायची सवय लाव.

वर्ग लागल्यावर पहिले पाच आठवडे लक्ष ठेव. गृहपाठाला रोज पाऊण तासाहून जास्त लागतो आहे, दोन लागोपाठच्या चाचण्यांत ७५ च्या खाली गुण आहेत आणि चुका एकाच धड्यातल्या नसून पसरलेल्या आहेत, तर वर्ग बदलण्याबद्दल शिक्षकांशी लगेच बोल. ऑक्टोबरनंतर वेळापत्रक हलवणं अवघड होतं. चुका एकाच धड्यातल्या असतील तर वर्ग राहू दे आणि तो धडा घरी कर. आणि वरचा वर्ग मिळालाच नाही तरी वाट संपत नाही, दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू एकत्र घेऊन बारावीला कॅल्क्युलस गाठता येतं. निखिलरावांना कॉलेजच्या गुणांची काळजी असते, त्यांना सांग, की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आठवीतला अल्जिब्रा किमान सी ग्रेड असेल तर गणिताच्या अटीत धरते, पण ती ग्रेड सरासरीत मोजत नाही.

जिल्ह्याचं नाव नक्की झालं की कळव. त्यांचं ६१५२.१ आपण फोनवर बरोबर वाचू.

तुझी,
आई