दत्तक देण्याआधी वजनकाटा आणि सहा आठवडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशी जबाबदारी घ्यायला तयार असलेली घरं आहेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण उपाशी टाकलेलं, खरजेनं सोललेलं कुत्रं सोडवून आणायचं आणि आठवड्याच्या आत कुणाच्या तरी हवाली करायचं, ही घाई त्याच्या जिवावर उठते. असं कुत्रं महिनाभरात परत येतं, नाहीतर उघड्या गेटमधून पळतं आणि सापडत नाही. यात कुत्र्याचा दोष नसतो आणि बहुतेक वेळा घराचाही नसतो. कशानंतर काय करायचं, हा क्रम चुकलेला असतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली चूक खाण्यात होते. हाडांचा सापळा झालेलं कुत्रं समोर आलं की पातेलंभर दूधभात पुढे करावासा वाटतो. दहा-बारा दिवस उपाशी असलेल्या जिवाला तेच पातेलं घातक ठरू शकतं. उपासात अंगातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम संपत आलेलं असतं. एकदम भात पोटात गेला की इन्सुलिन वाढतं आणि रक्तात उरलेली ही द्रव्यं पेशींमध्ये ओढली जातात. पहिल्या चार-पाच दिवसांतच कुत्रं लटपटायला लागतं, धापा टाकतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते, झटके येतात. ‘एवढं खायला घातलं तरी वाचलं नाही’ असं लोक हळहळून म्हणतात. ते एकदम पोटभर खायला घातल्यामुळेच गेलेलं असतं.

म्हणून आल्या आल्या वजन करावं. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, एवढं पुरतं. १० किलो भरलेल्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात. पहिले तीन दिवस त्याच्या पाव हिस्साच द्यायचा. म्हणजे अख्ख्या दिवसात एक उकडलेलं अंडं आणि दोन चमचे मऊ भात, तोही चार-पाच वेळा विभागून. बघणाऱ्याचा जीव तुटतो, पण हात आवरावा लागतो. पुढचे तीन दिवस याच्या दुप्पट. मग वाढवत वाढवत दहाव्या दिवशी पूर्ण खाण्यावर यायचं, म्हणजे दीडशे ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन आणि लहान वाटीभर भात. सुरुवातीला अंडं-चिकन जास्त, भात-भाकरी कमी. दुधानं जुलाब होतात आणि मिळवलेलं वजन दोन दिवसांत जातं. कौतुकानं भरवलेला कुंद्याचा (दुधाच्या मिठाईचा) तुकडाही तेच करतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा, बेदाणे आणि शिजवलेली हाडं तर कधीच नकोत. दर चार दिवसांनी त्याच काट्यावर वजन करून तारखेसह लिहून ठेवावं.

कुत्रं भरलं की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. आपली मूठ वळून गाठींवरून बोट फिरवा. बरगड्या हाताला तशा लागल्या तर कुत्रं अजून वाळलेलं आहे. पंजा सरळ धरून हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं, तशा बरगड्या लागल्या की झालं. मुधोळ हाउंडचं मात्र वेगळं. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली ही जात, २००५ साली टपाल खात्यानं तिचं तिकीटही काढलं. शेतावर बांधून ठेवलेली मुधोळ किंवा मुधोळ-संकर कुत्री कधी कधी सुटून येतात आणि त्यांना गोल गरगरीत करण्याच्या नादात सांधे बिघडवले जातात. या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या धडधाकट असतानाही दिसतात. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, कारण काही भुलीची औषधं अशा सडपातळ कुत्र्यांच्या अंगातून उतरायला फार वेळ घेतात.

दुसरी चूक म्हणजे लगेच नसबंदी. नसबंदी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण आपल्याकडे गोचिडाचा ताप फार, आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. हिरड्या पांढरट असलेल्या कुत्र्याला टेबलावर घेतलं तर साध्या शस्त्रक्रियेतही रक्त थांबत नाही. आधी रक्ततपासणी करावी. गोचीड ताप निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. आठव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि गोळ्या बंद होतात, इथेच आजार उलटतो. ताप असताना टोचलेली लसही नीट लागू पडत नाही. जंतांचं औषध, गोचीड, ताप, मग लस, मग नसबंदी आणि शेवटी घर, असा हा क्रम आहे. पूर्वी लस झाली की नाही हे माहीत नसलेल्या मोठ्या कुत्र्याला नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा आणि रेबीजची लस दरवर्षी.

नव्या कुत्र्याला निदान १४ दिवस इतरांपासून वेगळं ठेवावं. पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनेलनं मरत नाही. फरशी आधी धुवावी, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं मिश्रण तिच्यावर ओतून दहा मिनिटं तसंच राहू द्यावं.

खरजेवर जळकं ऑईल चोपडणं आता तरी थांबावं. कुत्रं ते चाटतं, आणि ते विष पोटात जातं. कातडी खरवडून तपासली की खरूज कुठल्या किड्याची ते कळतं, आणि आता वजनावर द्यायच्या गोळ्यांनी ती बरी होते. केस यायला सहा-आठ आठवडे लागतात. पावसाळ्यात ओलं पोतं अंगाखाली ठेवू नये, जमिनीपासून वीतभर उंच फळी द्यावी. बांधून ठेवलेल्या कुत्र्याची मान बोटांनी चाचपायला विसरू नका. पिल्लू असताना घातलेली तार किंवा पट्टा वाढत्या मानेत रुततो आणि वर केस असल्यामुळे दिसत नाही. फक्त कुजका वास येतो आणि बोटाला ओलसर चर लागतो. तो पट्टा घरी ओढून काढू नये, भूल देऊनच काढावा लागतो. पुढे पट्टा घालताना आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

एवढं झाल्यावरही भीती शिल्लक असते. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत डोकं काढून पट्ट्यातून निसटतं, आणि ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, गाडीचं दार उघडताना किंवा गेटपाशी घडतं. म्हणून छातीपट्टा आणि गळपट्टा दोन्ही घालावेत, दोन्हींना वेगळी दोरी. पहिले तीन दिवस पाहुणे, अंघोळ, फोटो काही नको, एक कोपरा आणि ठरलेली वेळ पुरे. भुकेतून आलेलं कुत्रं ताटलीवर गुरगुरतं, तेव्हा हात घालून ताटली ओढण्याची ‘शिस्त’ लावू नये. जवळून जाताना अंड्याचा तुकडा टाकत गेलं की माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी मिळणं, हे त्याला पटतं. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती आणि दिवाळी या दिवसांच्या आगेमागे तरी कुणी कुत्रं नव्या घरी पाठवू नये.

महापालिका, नगरपालिका आणि निवारा चालवणाऱ्या सर्वांना विनंती आहे की प्रत्येक कुत्र्याबरोबर एक कार्ड द्यावं. त्यावर आल्याच्या दिवसाचं आणि देतानाचं वजन, लसींच्या तारखा, चालू गोळ्या किती दिवस उरल्या आणि ते कशाला घाबरतं, एवढं असलं तरी घरच्यांचं निम्मं काम हलकं होतं. निपाणी-संकेश्वरची कुत्री गडहिंग्लज-कोल्हापूरला जातात, तिथल्या डॉक्टरांनाही याच कार्डाचा आधार. आणि कुत्र्याला कळणारे शब्द त्यावर लिहायला विसरू नये. ‘बा’, ‘कुंद्रु’ हे कन्नड शब्द ऐकत बरं झालेल्या कुत्र्याला मराठी घरात ‘ये’, ‘बस’ कळत नाही आणि ते ऐकत नाही अशी समजूत होते. पहिला महिना दोन्ही शब्द जोडून म्हणावेत, आधी ‘बा’ आणि लगेच ‘ये’.

आपले,
काही प्राणिसेवक, बेळगाव