पायाच्या बोटाला चावलेली मुंगी

सांगली,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला जमेना म्हणून लिहायला बसलेय. दोनदा तुला फोन लावला आणि दोन्ही वेळा मेसमध्ये भाजी कुठली होती एवढंच विचारून ठेवून दिला. बाबा म्हणाले, लिही एकदाचं, नाहीतर आणखी सहा वर्षं अशीच जातील.

तू पाचवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तुझं रक्त काढलं होतं. हिमोग्लोबिन बघायचंय असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. दादासारखी शुगर, म्हणजे टाइप वन मधुमेह, तुला पुढे होऊ शकतो का, हे बघायला ते रक्त मुंबईच्या लॅबमध्ये गेलं होतं. चार खुणा शोधल्या, त्यातली एक सापडली. तो रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, तेव्हापासून तिथेच. तुला आजार झालेला नाही, हे आधी वाच, मग पुढचं.

२०१९ साल तुला अर्धंमुर्धं आठवत असेल. जूनमध्ये दादा घटाघटा पाणी प्यायचा, रात्री चार-चारदा उठायचा. मोरीपाशी मुंग्यांची रांग लागायची. मी त्यावर हळद टाकायची, रांग मोडली की माझं समाधान. हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारी बाई मी, हळदीला काय तोटा! पण मुंग्या रोज तिथेच का येतात, हा हिशेब काही मांडला नाही. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पोरगं धावून आल्यासारखं धापा टाकायला लागलं. मिरजेला नेलं तेव्हा शुगर ५४० होती आणि रक्तात आम्ल साठलं होतं. तीन दिवस आयसीयूत होता.

अँटीबॉडी हा शब्द तिथे पहिल्यांदा कानावर पडला. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी असतात. शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्यांनाच परकं समजून मारत सुटतात. मारायचं मुख्य काम टी पेशींचं. अँटीबॉडी म्हणजे आत भांडण लागल्याचा रक्तात दिसणारा पुरावा. प्रामुख्याने चार तपासतात: जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि खुद्द इन्सुलिनविरुद्धची. दादाच्या वेळी ही चौथी करून उपयोग नव्हता. त्याचं सॅम्पल जाईपर्यंत पंधरा दिवस उलटले होते, आणि इंजेक्शनं सुरू झाली की त्या इन्सुलिनविरुद्धही अँटीबॉडी तयार होतात. मग मूळची कुठली आणि नंतरची कुठली, कोण सांगणार?

त्याची सी-पेप्टाइड पण केली होती. ती मला पटकन कळली. गुऱ्हाळाबाहेर चिपाडाचा ढीग केवढा आहे ते बघून आत किती ऊस गाळला ते सांगता येतं ना, तसं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा तेवढंच सी-पेप्टाइड बाहेर पडतं. बाटलीतलं इन्सुलिन म्हणजे बाजारातून आणलेला गूळ, त्याच्यासोबत चिपाड येत नाही. दादाचं चिपाड अगदीच थोडं होतं. तरी पहिले काही महिने त्याचा डोस बराच कमी झाला, तेव्हा आजीला वाटलं नवस पावला. तसं बऱ्याच मुलांचं होतं, उरलेल्या पेशी थोडा दम धरतात आणि मग तेही संपतं. आजीला हे मी कधी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या आपल्या घरात माळ्यापर्यंत चढलं. बोटीत दादाच्या इन्सुलिनचा थर्मास तू मांडीवर घेऊन बसली होतीस. दहा वर्षांची होतीस. एक हात झाकणावर होता, आणि कुणी घ्यायला लागलं की मान हलवायचीस. विश्रामबागेत मावशीकडे पोचलो तर तिथेही लाइट नव्हती. बाटल्या गार राहाव्यात म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवल्या. त्याच रात्री माझ्या मनात आलं, हिला पण झालं तर?

डॉक्टर म्हणाले, साधारण मुलांमध्ये हा आजार शंभरात अर्ध्यालाही होत नाही, पण सख्ख्या भावंडांत शंभरातल्या पाचेक जणांना होतो. बाबा नको म्हणत होते. कळून करणार काय, औषध आहे का त्याच्यावर? तेव्हा नव्हतंच. मी हट्टाला पेटले.

तुझी जीएडी पॉझिटिव्ह आली, बाकी तीन निगेटिव्ह, शुगर नॉर्मल. सांगलीच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. कोयनेतून पाणी सोडलं म्हणजे आपल्या दारात पाणी आलं असं नाही, पण माणूस त्या रात्री पुलावरच्या फुटांकडे बघायला लागतो. एक अँटीबॉडी म्हणजे एवढंच. जर्मनी, फिनलंड आणि अमेरिकेतल्या हजारो मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून काढलेला हिशेब असा: एकच अँटीबॉडी असलेल्या शंभर मुलांपैकी साधारण १५ जणांना दहा वर्षांत आजार होतो. दोन किंवा जास्त असतील तर ७० जणांना. दोन असल्या की शुगर नॉर्मल असली तरी आजाराची पहिली पायरी धरतात. शुगर बिघडायला लागली की दुसरी, लक्षणं दिसली की तिसरी. तू पहिल्या पायरीवरही नव्हतीस. आणि एकटी अँटीबॉडी कधी कधी आपली आपण नाहीशीही होते.

म्हणूनच डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. मी नेलं नाही. आधी लॉकडाऊनचं निमित्त मिळालं. लॉकडाऊन उठला, निमित्तं काही संपली नाहीत. एक होती ती दोन झाली असेल तर, एवढीच भीती. पेढीवर एक रुपयाचा फरक लागला तर मी रात्री नऊपर्यंत बसते, आणि घरातला हा कागद उघडायची हिंमत नाही.

मग मी दुसरंच करत बसले. तुझ्या बाटलीतलं पाणी किती उरलं ते बघायचं, शाळेच्या स्कर्टचा हुक कुठल्या काजात बसतो ते बघायचं. रात्री बाथरूमचा दिवा लागला की मोजायचं. आणि हे सांगताना मला लाज वाटतेय, पण तू झोपलीस की महिन्यातून एकदा दादाच्या मशिनवर तुझी शुगर बघायची. हाताचं बोट नको, सकाळी दिसेल, म्हणून पायाचं. एकदा तू दचकून उठलीस आणि सकाळी अंगठ्यावरचा लाल ठिपका दाखवलास. मी म्हटलं, मुंगी चावली असेल.

आठवीत तुझी एचबीए१सी केली ती ५.८ आली. ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते, आणि ५.७ पासून पुढे डॉक्टर भुवया उंचावतात. मी दोन दिवस जेवले नाही. नंतर कळलं, तुझं हिमोग्लोबिन नऊ होतं. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटीच वाढलेली दिसू शकते. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यास आणि ती ५.३ वर आली. हिमोग्लोबिनचं माझं खोटं शेवटी असं खरं झालं.

हे सगळं आत्ताच का, तर तू कोल्हापूरला होस्टेलवर गेलीस. तिथला बाथरूमचा दिवा मला इथून दिसत नाही. आता हे लक्ष तुलाच ठेवायला हवं, आणि कशावर ठेवायचं हेच माहीत नसेल तर कसं ठेवशील? खूप तहान, सारखी लघवी, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी बोटाची शुगर बघायची. कुणी पित्त म्हणालं तरी बघायची. भाऊ टाइप वनचा आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं. सोबत जुनं मशीन आणि पट्ट्यांची डबी देतेय, डबीवरची तारीख बघून वापर.

औषधाचंही बदललंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅबला मान्यता मिळाली. ती दुसऱ्या पायरीवरच्या, आठ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्यांसाठी होती, आणि त्याने आजार साधारण दोन वर्षं लांबतो. तुझ्यासारख्या एका अँटीबॉडीवाल्याला ते नाही. पण कळून काय करणार, या बाबांच्या प्रश्नाला आता थोडं तरी उत्तर आहे.

पुन्हा तपासायचं की नाही ते तू ठरव. नको म्हणालीस तर मी मागे लागणार नाही. चिडलीस तर चीड, दोन दिवस फोन उचलू नकोस, पण तिसऱ्या दिवशी उचल. दादाला यातलं काही माहीत नाही, सांगायचं का तेही तूच बघ.

बाबा बुधवारी तिकडे येतायत. भडंगाच्या डब्याखाली रिपोर्टची झेरॉक्स आहे, मूळ कागद इथेच ठेवलाय. तपासायचं ठरलं तर शनिवारी घरी ये. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, चहा-पोहे खाऊन जाऊ.

तुझी,
आई