चित्रांची पाने वाचायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपण माझ्या मुलाच्या हाती ब्रायन सेल्झनिक यांची ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो काब्रे’ ही कादंबरी दिलीत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपण जे केलेत ते इतर पालकांनाही कळावे, म्हणून ते खुले ठेवले आहे.

मजकुराने भरलेले पान दिसताच पुस्तक मिटून ठेवणाऱ्या मुलाला दुसऱ्या कोणी मोठ्या अक्षरांचे पातळसे पुस्तक दिले असते. आपण पाचशेहून अधिक पानांचे जाडजूड पुस्तक दिलेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त पाने पेन्सिलीने काढलेल्या चित्रांची आहेत, हे त्याचे त्याला शोधू दिलेत. 2007 साली निघालेल्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी कॅल्डेकॉट पदक मिळाले. अमेरिकेत हे पदक बालपुस्तकांतील चित्रांसाठी दिले जाते आणि एरवी ते छोटेखानी चित्रपुस्तकांच्या वाट्याला येते; तरीही ते एका कादंबरीला मिळाले, यावरून तिच्यात चित्रांना केवढे स्थान आहे ते समजते.

सुरुवातीला चंद्र, मग पॅरिस शहर, मग रेल्वे स्थानक, तिथली गर्दी आणि त्या गर्दीतला एक मुलगा. पान उलटेल तसे आपण त्याच्या जवळ जात राहतो. पाठलाग सुरू झाला की शब्द थांबतात आणि पुढची धावपळ चित्रेच सांगतात. अशा पानांवर पालकांनी काही समजावू नये आणि पान मुलालाच उलटू द्यावे, ही आपली सूचना मला फार मोलाची वाटते. घड्याळाच्या तबकडीआडून कोणीतरी पाहत आहे, हे लक्षात येताच माझा मुलगा आपणहून मागची पाने उलटून पुन्हा पाहू लागला, आणि त्यानंतर आलेला मजकूर त्याने न अडखळता वाचला, कारण पुढे काय झाले हे कळण्याची वाट आता त्या मजकुरातूनच जात होती.

या मांडणीमागचे कारणही आपणच उलगडून सांगितलेत. कथा मूकपटांच्या काळाशी जोडलेली आहे. 1902 साली चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट करणारे जॉर्ज मेलिएस उतारवयात पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावर खेळणी विकत असत, ही खरी हकीकत तिच्या मुळाशी आहे. ज्या कलावंताने संवादांवाचून गोष्टी सांगितल्या, त्याची गोष्ट सांगताना पानेच्या पाने निःशब्द ठेवणे किती समर्पक आहे, हे आपल्यामुळे मला उमगले. पुस्तकात मेलिएस यांच्या चित्रपटांतील खरी दृश्ये आली, तेव्हा मुलाने ते चित्रपट पाहण्याचा हट्ट धरला आणि आम्ही ते एकत्र बसून पाहिले.

आता त्याला याच लेखकाची 2011 सालची ‘वंडरस्ट्रक’ वाचायची आहे. तिच्यात 1977 मधल्या मुलाची गोष्ट शब्दांत आणि 1927 मधल्या मुलीची गोष्ट चित्रांत चालते, एवढे त्याने कुठूनतरी मिळवले आहे. ती आपल्याकडे असेल, तर कृपया त्याच्यासाठी राखून ठेवावी. शनिवारी तो स्वतः न्यायला येईल.

आपली कृतज्ञ,
एका वाचक मुलाची आई