समुपदेशक ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मुलाची दारू सुटली म्हणून मी हे पत्र लिहीत आहे, असे वाचणाऱ्यांना वाटेल. त्याचे श्रेय त्याला स्वतःला आणि डॉक्टरांना आहे. आपले आभार मानायचे आहेत ते आपण आम्हा घरच्यांनाही समोर बसवून घेतलेत यासाठी.

पहिल्याच भेटीत आपण विचारलेत, की तो पिऊन येतो तेव्हा घरात कोण काय करते. उत्तरे देता देता सगळे घरच त्याच्या पिण्याभोवती बेतले गेल्याचे उघड झाले. 'ताप आला आहे' असा निरोप त्याच्या कामावर सूनबाई कळवीत असे, बाहेरची उधारी त्याची आई फेडत असे आणि फाटक वाजले की थोरली नात धाकट्या भावाला घेऊन मागच्या खोलीत जात असे. दारूचे जे परिणाम त्याच्या अंगावर यायला हवे होते, ते आम्ही आपसांत वाटून घेतले होते. माया करणे आणि पांघरूण घालणे यांतला हा फरक आपण कोणालाही न दुखावता दाखवलात, हे मला विशेष वाटते. आयुष्यभर शिक्षकी केलेल्या माणसाला ते किती कठीण असते याची कल्पना आहे.

'बायकोने सांभाळून घेतले असते तर ही वेळ आली नसती' हे आमच्या नात्यागोत्यात सर्रास बोलले जाई. आपण त्या सर्वांसमक्ष सांगितलेत, की कोणाच्याही बायकोमुळे किंवा आईमुळे कोणी व्यसनी होत नाही. मग आमच्या घराण्यातील पिणाऱ्यांची यादी करून घेतलीत, तेव्हा तीन पिढ्यांतली नावे निघाली. दारूच्या व्यसनाच्या जोखमीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो, आणि उरलेल्यात घराबरोबरच सोबत, पिणे सुरू झाले ते वय, मनाचे इतर आजार असे बरेच काही येते, हे ऐकून सूनबाईने पहिल्यांदा मान वर केली.

एका हितचिंतकाने आमटीत गुपचूप घालायचे औषध सुचवले होते. अशा औषधांत डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असले आणि त्यावर माणूस दारू प्याला, तर रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते, हे आपण वेळीच सांगितलेत. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते किंवा भ्रम होऊ शकतो, म्हणून त्याला खोलीत कोंडून ठेवण्याचा बेतही आपल्यामुळेच बारगळला.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो. अमेरिकेत तर मद्यपींच्या कुटुंबीयांची अल-अनॉन ही संघटना १९५१ पासून आहे. असे असूनही आमच्या तालुक्यात घरच्यांनी स्वतःसाठी मदत मागणे आजही कमीपणाचे समजले जाते, याचे मला वैषम्य वाटते.

उपचारानंतर मुलगा घरी परतल्यावरचे दिवस मला अधिक अवघड वाटले. तो उशिरा आला की सगळ्यांची नाके त्याच्या तोंडाकडे वळत. त्याच्यावर पाळत ठेवू नका, पण पैशांचे व्यवहार सूनबाईकडे राहतील हे त्याच्याशी उघड बोलून ठरवा, असे आपण सुचवलेत. हळदीच्या रात्रीची निमंत्रणे वर्षभर टाळायचे ठरले ते त्याच्याच सांगण्यावरून. मध्ये एकदा स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्याला, तेव्हा तो आपणहून फॉलोअपला आला, कारण घरात त्या रात्री आरडाओरडा झाला नव्हता. नातीशी आपण स्वतंत्रपणे बोललात आणि बाबांना सांभाळणे हे तिचे काम नाही, असे तिला सांगितलेत, याबद्दल तिच्या आजीने वेगळे आभार कळवायला सांगितले आहे.

येत्या शनिवारच्या पालक बैठकीला आमच्या गल्लीतील एका आईला सोबत आणत आहे. मुलगा उपचाराला तयार नसताना आपण एकट्याने येऊन काय उपयोग, असे तिने विचारले होते. मी तिला बैठकीची वेळ सांगितली आहे.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षक